गिऱ्हाईक आणि ग्राहक



वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. त्या परंपरेतल्या एका व्यासपीठावर माझ्यासारख्या, शाळा अर्धवट सोडून हिंगण्याच्या कारखान्यात लागलेल्या माणसाला बोलावयास उभे करण्यात आले, याबद्दल मी चालकांचा आभारी आहे. माझे शिक्षण पाळी सुटल्यावर सीताबर्डीच्या वाचनालयात झाले. तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा आपण करू नये. विषयही तसा घरगुतीच आहे. तो म्हणजे संसाराची खरेदी.

कामगार संघटनेच्या माणसाने वाणसामानावर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर नागपुरातच आहे. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल या शहरात सुरू झाली आणि २००२ साली ती बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. ज्या जागेत आमच्या आज्या-पणज्यांनी साचे चालवले, त्या जागेत त्यांची नातवंडे आता कपडे विकत घ्यावयास जातात. गिरणीच्या दारात आजोबा एका पैशाच्या वाढीसाठी आठवडेच्या आठवडे उभे राहत. त्याच जागी नातू शंभर रुपये जास्त गेले तरी पावती न पाहता खिशात कोंबतो. मिळवताना आपण जागे असतो आणि खर्च करताना झोपतो. वाटाघाटीच्या टेबलावर मालकाकडून काढून घेतलेली पगारवाढ दुकानाच्या फळीवर हळूच परत जाते, ती आपल्याला दिसतसुद्धा नाही.

हे काही मी नव्याने सांगतो आहे असे नाही. इंग्लंडातल्या रॉचडेल गावच्या कामगारांना हे १८४४ साली उमगले. त्या वेळी तिथल्या विणकरांचा मजुरीचा लढा फसला होता. बाजारात पीठ भेसळीचे, वजन खोटे आणि उधारीचा फास गळ्याला. तेव्हा अठ्ठावीस जणांनी मिळून अठ्ठावीस पौंडांचे भांडवल जमवले आणि त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला एक लहानसे दुकान उघडले. त्यात लोणी, साखर, पीठ अशा मोजक्याच जिनसा होत्या. पण नियम पक्के होते: माल शुद्ध, वजन पुरे, व्यवहार रोखीचा आणि उरलेला नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटून द्यावयाचा. जगभरची ग्राहक सहकारी चळवळ या दुकानाला आपली गंगोत्री मानते.

आपल्याकडचे उदाहरण पाहू. महागाई भत्ता ज्या आकड्यावर ठरतो तो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक होय. तो दुकानांतले भाव टिपून काढतात, आणि ज्या केंद्रांतून हे भाव टिपले जातात त्यांत आपले नागपूरही आहे. १९६३ च्या सुमारास मुंबईच्या कामगारांनी तक्रार केली, की बाजारात जे भाव आम्ही देतो ते या आकड्यात उतरतच नाहीत. सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. निर्देशांकात दोष आहे असे तिने सांगितले आणि दुरुस्ती सुचवली. बायामाणसांना वाण्याकडे रोजचा भाव ठाऊक होता, म्हणून सरकारी आकड्याला प्रश्न विचारता आला. भाव लक्षात ठेवणे हा कंजूषपणा नव्हे. भत्त्याचा लढा त्यावरच उभा राहतो.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. एक गिऱ्हाईक आणि दुसरा ग्राहक. मूळ दोघांचे एकच. पण एखाद्याची फजिती केली की आपण म्हणतो, 'त्याचे चांगले गिऱ्हाईक केले!' ग्राहक म्हणजे घेणारा. त्यात समजून घेणेही आले. आज मला एवढेच सांगावयाचे आहे, की गिऱ्हाइकाचा ग्राहक कसा होतो. त्याला फार विद्या लागत नाही. वस्तू घेताना तीन प्रश्न विचारावेत: किती आहे? काय आहे? आणि कोणत्या अटीवर आहे?

पहिला प्रश्न, किती.

पूर्वी भाव वाढला की दुकानदार भाव वाढवी आणि आपण त्याच्याशी भांडत असू. आता पाकिटावरचा भाव तोच राहतो आणि आतला माल कमी होतो. समजा, दहा रुपयांच्या पुड्यात पन्नास ग्रॅम बिस्किटे होती, ती चाळीस झाली. आपल्याला वाटते, दहा ग्रॅम गेले, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. पण हिशेब करून पाहा. आधी एका ग्रॅमला वीस पैसे पडत होते, आता पंचवीस पडतात. म्हणजे भाव शेकडा पंचवीस वाढला! एवढी वाढ मालकाने पगारात दिली असती तर आम्ही गुलाल उधळला असता.

काही ठराविक जिनसा ठराविक वजनातच बांधल्या पाहिजेत असा नियम पूर्वी होता. २०२२ साली तो काढून टाकण्यात आला. त्याच्या बदली पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे दर ग्रॅमला किंवा दर किलोला काय पडते ते, छापणे आवश्यक करण्यात आले. हा आकडा बारीक अक्षरांत असतो, पण पाकिटावरचा सर्वांत खरा आकडा तोच. आणि मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते या समजुतीवरही विसंबू नका. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. साबणाच्या चुऱ्याचे उलटेही असू शकते. अनुमानापेक्षा भागाकार बरा.

तेलाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तेल लिटरनेही मिळते आणि किलोनेही. एक लिटर सोयाबीन तेल तीस अंश तापमानाला सुमारे ९१३ ग्रॅम भरते. समजा, एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि एक किलोची १६० ला. आपण झटकन १५० ची उचलतो. पण तिच्या भावाने पुरा किलो घेतला तर १६४ रुपये पडतील. म्हणजे महाग दिसणारी पिशवीच स्वस्त! याच्याही पुढे एक युक्ती होती. तेल तापले की फुगते. तेच लिटर साठ अंशाला मोजले तर वजन सुमारे ८९३ ग्रॅमच होते. काही उत्पादक पिशवीवर मोठ्या तापमानाचे माप छापू लागले. नागपूरचा उन्हाळा कडक खरा, पण आपल्या स्वयंपाकघरातही तेल साठ अंशाला जात नाही! अखेर २०२२ साली केंद्र सरकारने तापमानाचा उल्लेख काढून निव्वळ माप व वजन छापण्यास सांगितले. वीस ग्रॅमसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. लाखो पिशव्यांवर वीस-वीस ग्रॅम धरा म्हणजे खटाटोप कोणी आणि कशासाठी केला ते कळेल.

सुट्या मालाचेही तसेच. बाजारात भाजीवाली आपल्या पिशवीत सांबाराच्या दोन काड्या वरून टाकते. आपण खूश होऊन तराजूकडे पाहतच नाही. तराजू इलेक्ट्रॉनिक असला तरी त्याची दर वर्षी सरकारी पडताळणी व्हावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात लावावे लागते. काटा शून्यावर आहे ना, एवढे तरी आधी पाहावे. मिठाईचे दुकान घ्या. किलोला आठशे रुपये भावाची संत्रा बर्फी अर्धा किलो घेतली आणि पन्नास ग्रॅमचा पुठ्ठ्याचा डबा तिच्यासकट तोलला, तर चाळीस रुपयांचा पुठ्ठा आपण बर्फीच्या भावाने घेतला. वजन मालाचेच झाले पाहिजे असा कायदा आहे. 'डबा बाजूला ठेवून तोला' हे चार शब्द आपण हसतमुखाने उच्चारले तर कोणाचा अपमान होत नाही.

गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच रंगवलेले असते. दोहोंची बेरीज म्हणजे भरलेल्या सिलिंडरचे वजन. दारात तोलून मागण्याचा आपला हक्क आहे. त्याच्या कड्याजवळ एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. अ, ब, क, ड असे वर्षाचे चार तिमाही भाग इंग्रजी अक्षरांनी दाखवलेले असतात. ती त्या सिलिंडरच्या तपासणीची मुदत होय. मुदत उलटलेला सिलिंडर घरात घेऊ नये. हा प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे.

दुसरा प्रश्न, काय आहे.

विदर्भात हा प्रश्न लाखोळीच्या डाळीने शिकवला आहे. लाखोळी हे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांधीतले पीक. ती सतत आणि भरपूर खाल्ल्यास पाय लुळे पडतात, या कारणावरून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. ती उठवावी म्हणून नागपुरातूनच दीर्घकाळ चळवळ झाली. त्या वादाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण ग्राहक म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. लाखोळी तिच्या नावाने आणि तिच्या भावाने विकणे ही एक गोष्ट, आणि तुरीच्या डाळीत किंवा बेसनात मिसळून तुरीच्या नि हरभऱ्याच्या भावाने विकणे ही निराळी. दुसरी सरळसरळ फसवणूक आहे. तुरीची डाळ गोलसर असते, लाखोळीचा दाणा तिरप्या कडांचा, पाचरीसारखा असतो. आपल्या आजीला हे एका नजरेत कळे. डाळ निवडण्याचे ताट घरातून गेले आणि त्याबरोबर ही विद्याही गेली.

सोन्याचेही असेच आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज दुकानात तोळा म्हणतात तो दहा ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या मोडताना कोणता तोळा धरला ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा ओळखक्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बावीस कॅरटला ९१६ हा आकडा असतो. तो क्रमांक मानक ब्यूरोच्या मोबाइलवरील सोयीत घातला की दागिन्याची माहिती समोर येते. शुद्धता कमी निघाली, तर कमतरतेच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च द्यावा असा नियम आहे. हा नियम मुलीच्या लग्नाची खरेदी करणाऱ्या किती बापांना ठाऊक असेल?

आता उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर आणि पंखे घेण्याची गर्दी होईल. दुकानदार वस्तूची किंमत सांगतो. पण विजेच्या वस्तूला दोन किमती असतात. एक दुकानात द्यावयाची, दुसरी दर महिन्याला. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो, नवा कमी विजेचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला सोळा तास चालवला तर महिन्याला एका पंख्यामागे एकवीस-बावीस युनिटांचा फरक पडतो. दोनशे वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर महिन्याची ७२ युनिटे झाली. आपल्याकडे घरगुती विजेला शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे वरचा दर लागतो. म्हणून ही वाचलेली युनिटे महागातली असतात. वस्तूवरचे तारे मोजताना ते कोणत्या वर्षाचे आहेत तेही पाहा, कारण कसोटी मधून मधून कडक होते आणि जुने पाच तारे नव्या कोष्टकात कमी भरतात. ताऱ्यांपेक्षा 'वर्षाला इतकी युनिटे' हा आकडा वाचावा.

तिसरा प्रश्न, कोणत्या अटीवर. माझ्या अनुभवात कामगार सर्वांत जास्त इथेच नागवला जातो.

आमच्या एका सभासदाने दिवाळीच्या बोनसवर शीतकपाट घेतले. 'व्याज शून्य' असा फलक होता. दुकानाचे नाव मी सांगत नाही, कारण तसे फलक सगळीकडे आहेत. आम्ही कागद मांडून बसलो, तर रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट याला मिळाली नव्हती आणि वर प्रक्रिया शुल्क भरावे लागले होते. व्याज होतेच, फक्त त्याचे नाव बदलले होते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते.

सरळ व्याजाचा प्रकारही समजून घ्या. बारा हजारांचे कर्ज, वर्षाला बारा टक्के, बारा हप्ते. व्याज १,४४० रुपये, हप्ता १,१२० रुपये. ऐकावयास बारा टक्के. पण आपण दरमहा मुद्दल फेडत जातो. पहिल्या महिन्यात बारा हजार आपल्याकडे असतात, शेवटच्या महिन्यात फक्त हजार. सरासरीने वर्षभर साडेसहा हजारच आपण वापरले आणि त्यावर १,४४० व्याज दिले. म्हणजे दर बावीस टक्क्यांच्या आसपास गेला. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला, सर्व शुल्के धरून वार्षिक दर दाखवणारे माहितीपत्रक दिले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सही करण्यापूर्वी ते पत्रक मागावे. करारपत्र न वाचता युनियनने सही केली तर आपण पुढाऱ्याला फाडून खाल. मग आपली सही इतकी स्वस्त का?

अटींत पावती आली. पक्की पावती नको म्हटले तर थोडे स्वस्त मिळेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. वस्तू बिघडली की मग आपल्याजवळ ना कागद, ना साक्षीदार. कारखान्यात हजेरीपत्रकावर नाव नसलेल्या कामगाराचे जे होते, तेच पावती नसलेल्या ग्राहकाचे होते.

एवढे करूनही फसवणूक झाली तर? १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. वकील लागतोच असे नाही. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. राज्य आयोगाचे खंडपीठ नागपुरातही बसते. आधी १९१५ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी, काही प्रकरणे तेवढ्यावरच मिटतात. सरकारी यंत्रणाही यातून सुटत नाही. १९९३ साली लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घरे-भूखंड देणारे सरकारी मंडळही सेवाच देते आणि ग्राहकाला उत्तर द्यावयास बांधील आहे. मात्र मी गोड चित्र रंगवणार नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल द्यावा म्हणतो, माल तपासावा लागला तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. रोजंदारीच्या माणसाला प्रत्येक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी. म्हणून कायदा हातात असावा, पण त्याच्यावर भिस्त ठेवून डोळे मिटू नयेत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. भगिनी म्हणतील, 'भाऊ, दिवसभर राबून आल्यावर पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावयास वेळ कोणाला आहे?' खरे आहे. दुसरेही एक खरे आहे. महिन्याचा किराणा एकदम भरण्याइतका पैसा ज्याच्याजवळ नाही, त्याला रोजचा पावशेर घ्यावा लागतो आणि तो महागच पडतो. ज्याच्याजवळ कमी, त्यालाच जास्त भाव. एकट्याच्या हुशारीने हा अन्याय मोडत नाही. कामगाराला एकट्याने मालकाशी बोलता येत नाही म्हणून संघटना लागते, तोच न्याय इथे लागू आहे.

महाराष्ट्राने ते करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईच्या बायका मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखाली हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल हे राजकारणाचे विषय आहेत हे पुरुष पुढाऱ्यांना त्या लाटण्यांनी शिकवले. १९७५ साली बिंदुमाधव जोशी, गायक-संगीतकार सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली. तिची पद्धत साधी आहे. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करावयाचा. महिन्याची यादी एकत्र द्यावयाची. पंचायत घाऊक माल घेते, पारखते आणि संघाकडे पोचवते. तिथून सभासद आपापसांत वाटून घेतात. जाहिरात नाही, रोषणाई नाही. रॉचडेलच्या दुकानाचाच हा मराठी अवतार म्हणा ना!

एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे. जागरूक ग्राहक म्हणजे भांडखोर ग्राहक नव्हे. कोपऱ्यावरचा वाणी अडचणीत उधार देतो, रात्री-अपरात्री दार उघडतो. त्याचा प्रामाणिक नफा हा त्याचा पगारच आहे. सिलिंडर आणणारा, घरपोच सामान देणारा पोरगा हाही कामगार आहे. वजन कमी भरले तर बहुधा त्याने काढलेले नसते. त्याच्या अंगावर ओरडून मालकाला काही कळत नाही. तक्रार लेखी करावी आणि जिथे करावयाची तिथे करावी. स्वस्ताच्या नादात दुसऱ्या कोणाची मजुरी कापली जात असेल, तर तो स्वस्तपणाही आपण तपासून पाहिला पाहिजे.

आता शेवटी कामाचे बोलतो. घरोघरी शंभर पानी वही ठेवा. महिन्याला लागणाऱ्या वीस जिनसा निवडा आणि पहिल्या तारखेला प्रत्येकीचे माप, भाव आणि किलोचा दर लिहा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते घरातल्या पुरुषाने करावे अशी माझी विशेष विनंती आहे, म्हणजे भाव काय झालेत ते त्यालाही कळेल. सहा महिन्यांनी गल्लीतल्या दहा घरांच्या वह्या एकत्र मांडा. कोणते पाकीट आटले, कोणत्या दुकानात माप पुरे मिळते, आणि कोणती जिन्नस एकत्र घेतली तर परवडेल, हे त्या वह्याच सांगतील. आणि महागाई भत्त्याच्या पुढच्या वाटाघाटीला जाताना त्या वह्या मला आणून द्या. मालकासमोर ठेवण्यासाठी त्यांच्याइतका पक्का कागद माझ्याजवळ दुसरा नसेल.